कॅप्टनची हद्द

राजानंद खरात यांची नोकरीची सव्वीस वर्षं अतिक्रमणाच्या नोटिसा लिहिण्यात गेली होती. कुणी ओटा रस्त्यावर आणला, कुणी पत्र्याचं शेड नालीवर टाकलं, कुणी जिन्याची पायरी शेजाऱ्याच्या बोळीत उतरवली, की ते प्रकरण राजानंदांच्या टेबलावर यायचं आणि 'आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की' अशी सुरुवात असलेलं सणसणीत पत्र तयार व्हायचं. जाफराबादेत त्यांच्या अक्षराला लोक वचकून असत. अशा माणसाच्या स्वतःच्या हॉलमध्ये, नव्या कोऱ्या फरशीवर, दीड किलो वजनाच्या प्राण्यानं दिवसाढवळ्या हद्द कायम करावी, आणि तीही मुतून, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली.

हा प्राणी म्हणजे कॅप्टन नावाचा ससा. पांढरा, एक कान काळा, आणि चेहऱ्यावर कायम समोरच्याचा अर्ज फेटाळल्याचा भाव. राजानंदांची मुलगी साक्षी नववीत होती. तिनं जालन्याच्या मैत्रिणीकडून बुटाच्या खोक्यातून दोन पिल्लं आणली, तेव्हा ती लिंबाएवढ्या डोक्याची आणि सर्वस्वी निरुपद्रवी होती. दुसरं पिल्लू बिस्किट, ती मादी. म्हणून तिचा पिंजरा मागच्या खोलीत आणि कॅप्टनचा मुक्काम पुढे. चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग कॅप्टन वयात आला आणि बिस्किटला आपली ऐपत दिसावी म्हणून जमीन गोळा करू लागला.

आधी तो नुसती हनुवटी घासायचा. सोफ्याच्या पायाला, टीव्हीच्या टेबलाला, राजानंदांच्या चपलेला. राजानंदांच्या पत्नी दैवशालाबाई म्हणाल्या, "किती लाडात आलाय बघा." साक्षीनं मोबाइलमध्ये पाहून खुलासा केला.

"लाड न्हाई, मम्मी. त्याच्या हनुवटीला वास असतो. ज्याला घासली ते त्याचं. तो हद्द आखून राह्यलाय."

"माझी चप्पल त्याची?" राजानंद म्हणाले.

"कालपासून."

दुसऱ्या दिवशी कॅप्टननं हनुवटीवरचा विश्वास सोडून पक्क्या शाईनं सह्या करायला सुरुवात केली. हॉलच्या चारही कोपऱ्यांत एकेक, मधोमध एक, आणि राजानंदांच्या खुर्चीखाली तीन. खुर्चीखालच्या कोपऱ्यावर त्याचा विशेष जीव. खिडकी, पंखा आणि टीव्ही या तिन्हींचा लाभ एकाच वेळी मिळणारा घरातला तो एकमेव कोपरा होता आणि राजानंदांनी घराचा नकाशा काढतानाच तो स्वतःसाठी राखून ठेवला होता.

आता या फरशीबद्दल सांगायला पाहिजे. ती हस्तिदंती रंगाची होती, आरशासारखी गुळगुळीत होती, आणि राजानंदांनी ती स्वतःसाठी बसवलीच नव्हती. त्यांची आई कौसल्याबाई तरुणपणी जालन्यात बांधकामांवर बिगारी होत्या. डोक्यावर घमेलं घेऊन त्यांनी दुसऱ्यांच्या तीन-तीन मजल्यांवर फरशा चढवल्या. फरशी बसली की मालक सांगायचा, बाई, आता बाहेर वाळूवर बसून जेवा, डाग पडतील. सहा वर्षांचा राजानंद शेजारी वाळूवर बसलेला असायचा. तिथं त्यानं मनाशी ठरवलं होतं की माझ्या मायला तोंड दिसेल अशा फरशीवर मी बसवून जेवू घालीन. घर बांधायला पन्नाशी उजाडली, पण फरशी तशीच आणली.

पण कौसल्याबाई त्या घरात राहत नव्हत्या. दोनदा पिंपळगाव रेणुकाईहून आल्या, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून जीपला उभ्या राहिल्या. "मन लागत न्हाई रे राजा," एवढंच म्हणायच्या. राजानंदांना ते इतकं लागलं होतं की ते त्याविषयी कुणाशी बोलत नसत. आता मात्र बरीच मनधरणी केल्यावर आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने येऊन राहायचं त्यांनी कबूल केलं होतं. पौर्णिमेला बारा दिवस उरले होते आणि हॉलला सशाच्या मुताचा वास येत होता. तिसऱ्यांदा माय परत गेली तर ती पुन्हा येणार नाही, हे राजानंदांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी पहिल्या दिवशी काळं फिनाइल आणलं. सकाळ-संध्याकाळ हॉल असा पुसला की दारावरून जाणारे लोक घरात कुणाला दाखल केलंय का म्हणून चौकशी करू लागले. कॅप्टननं तो उग्र वास घेतला, नाक थरथरवलं, कुणीतरी तगडा प्रतिस्पर्धी रात्रीतून येऊन आपल्या सगळ्या सह्या खोडून गेला असा निष्कर्ष काढला, आणि दुपारपर्यंत होत्या त्याच्या दुप्पट सह्या केल्या.

शेजारचे गजाननराव कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून हे सगळं पाहत होते. ते विम्याच्या धंद्यातून निवृत्त झाले होते, सल्ल्याच्या धंद्यातून मात्र नाही.

"खरात साहेब, फिनाइलनं काय होतंय? नीळ लावा."

"कुणाला, सशाला?"

"सशाला कशाला! पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या, नीळ टाकून भरा, न् लाईनीत ठेवा. आमच्या गेटसमोर बघा. तीन वर्षं झाली, एक कुत्रं बिलकुल टांग वर करून राह्यलं न्हाई."

"पण हा ससा आहे."

"त्याला बराबर समजतं. जनावराला निळ्या रंगाची धास्ती असते," गजाननराव म्हणाले. जनावरांच्या वतीनं ते नेहमीच ठामपणे बोलत.

जाफराबादेतल्या निम्म्या घरांपुढे अशा निळ्या बाटल्या उभ्या असतात. त्यांचा उपयोग होतो की नाही हे कुणी कुत्र्याला विचारलेलं नाही, पण ज्या अर्थी सगळे ठेवतात त्या अर्थी शासनमान्य असणार, असं राजानंदांना वाटलं. त्यांनी अकरा बाटल्या भरल्या आणि हॉलमध्ये समान अंतरावर मांडल्या. अंतर टेपनं मोजलं. कॅप्टननं प्रत्येक बाटलीपाशी थांबून शांतपणे हनुवटी घासली. अकराव्या बाटलीनंतर त्यानं राजानंदांकडे पाहिलं आणि मग खुर्चीखाली जाऊन नेहमीचं काम उरकलं.

"आता बाटल्या पण त्याच्या," साक्षी म्हणाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाटल्या आपल्या झाल्यावर त्या हव्या तशा मांडायचा हक्कही आपलाच, या समजुतीनं कॅप्टननं दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार पाडल्या. झाकणं राजानंदांनी सैल लावली होती. नीळ फरशीच्या फटींमधून वाहत गेली आणि पांढऱ्या सिमेंटमध्ये मुरली. हस्तिदंती फरशीवर सरळ निळ्या रेघा उमटल्या, उभ्या आणि आडव्या. हॉल हुबेहूब चौकडीच्या वहीचं पान दिसू लागला.

दैवशालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गजाननरावांना म्हणावं, आमच्याकडं आता एक बी कुत्रं येत न्हाई."

राजानंदांनी मग डाग काढायचा विचार सोडून झाकायचा विचार सुरू केला. नोटीस चालत नाही तिथं ताबा घ्यायचा, हा खात्याचा शिरस्ता. ते बाजारात गेले आणि ताडपत्री मागितली.

"किती एकर सोयाबीन हाये साहेब?" दुकानदारानं विचारलं.

"सोयाबीन नाही. हॉल आहे."

"गळून राह्यला का?"

"वरून नाही," राजानंद म्हणाले, "खालून." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्यांनी अठरा बाय चोवीसची पिवळी ताडपत्री खांद्यावर टाकून दुकान सोडलं.

ताडपत्री भिंतीपासून भिंतीपर्यंत नीट बसली. चालताना मात्र ती करकरायची. दैवशालाबाई चहा घेऊन आल्या की त्या दिसायच्या आधी ऐकू यायच्या. कॅप्टनला तिच्यात एवढीच त्रुटी दिसली की तिला भोक नव्हतं. ते त्यानं संध्याकाळपर्यंत कुरतडून पाडलं आणि मग ताडपत्रीच्या खाली जाऊन सह्या करू लागला. तिथं पुसायलाही जाता येईना. म्हणून राजानंदांनी अडतीवरून रिकामी पोती आणून वरून अंथरली, कडेला पुठ्ठे लावले, पुठ्ठे हलू नयेत म्हणून उरलेल्या सात निळ्या बाटल्या टेकवल्या. एवढं झाल्यावर त्यांनी दारातून हॉलकडे नजर टाकली. ज्या फरशीसाठी हे चाललं होतं तिचा एक बोटभर तुकडाही कुठं दिसत नव्हता.

"घर हाये का खळं?" दैवशालाबाई म्हणाल्या. "अहो, त्या सशाला डॉक्टरकडं तरी न्या!"

जनावरांच्या दवाखान्यात जायचं म्हणजे राजानंदांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. रांगेत त्यांच्या पुढे एक म्हैस होती आणि मागे बैलजोडी. त्यांच्या हातात कापडी पिशवी. मागचा शेतकरी दोनदा वाकून बघून म्हणाला, "साहेब, जनावर बाहेर बांधलं का?" राजानंदांनी पिशवीचं तोंड थोडं उघडलं. काळा कान वर आला. शेतकऱ्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंड दुसरीकडं केलं.

तिथं भरायला एक कागद मिळाला. 'जनावराचा प्रकार' या रकान्यात गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी असे पर्याय छापले होते आणि योग्य त्यावर खूण करायची होती. ससा नव्हता. खिडकीतल्या माणसानं स्पष्ट सांगितलं, "बाजूला हातानं लिहा, चालतंय." दुसऱ्या कुणीही लिहिलं असतं. पण रकान्याबाहेर लिहिलेले अर्ज परत पाठवण्यात ज्याची हयात गेली, आणि 'कोणताही रकाना रिक्त सोडू नये' ही ओळ जो झोपेतही म्हणतो, त्याच्या हातून ते होईना. राजानंदांनी बराच विचार केला. आकारानं आणि स्वभावानं जवळचं काय, हे पाहिलं. शेवटी शेळीवर खूण केली, संख्येत सुवाच्य अक्षरात 'दोन' लिहिलं, पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर दिला आणि खाली झोकदार सही केली.

डॉक्टरांनी कॅप्टनला उलटासुलटा करून पाहिलं. तो वयात आलाय, ऑपरेशन केलं की निवळेल, पण त्यासाठी शहरात न्यावं लागेल, आणि त्यानंतरही दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागेल, असं सांगितलं. शहरातली तारीख मिळाली ती पौर्णिमेनंतरच्या बुधवारची.

म्हणजे माय येईल तेव्हा कॅप्टन पूर्ण अधिकारात असणार होता. राजानंदांनी मग शेवटचा बेत आखला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला माय येणार. बारालाच कॅप्टनला पिंजऱ्यात कोंडायचं. मग एकला पोती, पुठ्ठे, ताडपत्री गुंडाळून गच्चीवर न्यायची. फरशी तीन पाण्यांनी पुसायची. रेघांबद्दल माय विचारील तर डिझाइन आहे म्हणून सांगायचं. पुढचं पुढं.

त्या दिवशी, शनिवारी, साडेबाराला दार वाजलं. दारात निळा एप्रन घातलेली, खांद्याला औषधाची थंड पेटी आणि हातात वही घेतलेली एक बाई उभी होती.

"मी भावना. जनावरांच्या लसीकरणासाठी आलेय. खरातांच्या दोन शेळ्या कुठं बांधल्यात?"

राजानंदांच्या पायाखालची पोती सरकली. "शेळ्या नाहीत."

"विकल्या का?"

"नव्हत्याच."

"ही सही तुमचीच ना?" भावनाताईंनी वही पुढे केली. सही झोकदार होती. नाकारायची सोय नव्हती.

भिंतीवर कोपरं आली. "शेळ्या?" गजाननराव म्हणाले. "खरात साहेब, शेळ्या कधी आणल्या? म्हणून तर ताडपत्री! मी आमच्या हिला म्हणलं होतं, हे सशाचं काम न्हाई."

"अहो ससे आहेत!" राजानंद ओरडले. "साक्षी, दाखव गं त्यांना."

साक्षीनं पिंजऱ्याचं दार उघडलं. कॅप्टननं भावनाताईंना दर्शन देण्यासाठी थांबायचं नाकारलं आणि उडी मारून सोफ्याखाली गेला. नेमका त्याच क्षणी गेटपाशी जीपचा हॉर्न वाजला आणि मायचा आवाज आला, "राजा, ए राजा! पहिल्याच जीपला जागा भेटली बघ."

राजानंदांचं भान सुटलं. त्यांनी दोन्ही हातांनी पोती ओढली. पुठ्ठे उडाले, बाटल्या गडगडल्या. दैवशालाबाईंनी ताडपत्रीचं एक टोक धरलं, गजाननराव भिंत ओलांडून दुसऱ्या टोकाला आले, आणि तिघांनी मिळून तो पिवळा ढीग मागच्या दारातून बाहेर ढकलला. भावनाताईंनी वही काखेत धरून हाताला लागलेल्या दोन बाटल्या उचलल्या. कौसल्याबाई पायरीवर आल्या तेव्हा फरशी उघडी होती, निळ्या रेघांसकट लखलखत होती, आणि तिच्या मधोमध घामाघूम झालेला त्यांचा मुलगा उभा होता.

"ये माय," तो म्हणाला. "ये ना आत."

कौसल्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. एका हातानं त्यांनी चौकट घट्ट धरली होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण पाय उचलत नव्हता. राजानंदांनी हे याआधी दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

तेवढ्यात कॅप्टन सोफ्याखालून निघाला. त्याला खुर्चीखाली जायचं होतं आणि तो धावतच निघाला. अर्ध्या वाटेत त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. तो पोटावर आपटला, गिरकी घेतली आणि घसरत घसरत थेट उंबऱ्यापाशी, म्हातारीच्या पायाशी येऊन थांबला. उठायला गेला, पुन्हा पसरला.

कौसल्याबाई एकदम हसल्या. "अगं बाई! ह्याचे बी पाय ठरंनात व्हय?"

 'बी' हा शब्द राजानंदांच्या कानात अडकला.

"माय, 'ह्याचे बी' म्हणजे?"

"काय न्हाई रे."

"म्हणजे तुझे पण?"

कौसल्याबाईंनी चौकट सोडली नाही. "मागल्या टायमाला मोरीकडं जाता जाता दोनदा पडता पडता वाचले. भीत्ताड धरधरून चालले. म्हणलं हाड मोडलं तर तुमच्या जिवाला खर्चा न् घोर. त्यापरीस आपलं मातीचं घर बरं."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तू एवढ्या हौसेनं बसवली. पोरगं माझ्यासाठी आरसा आणतंय, न् मी म्हणू मला भ्या वाटतं?"

 सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांना पायरी मागं घ्या म्हणून लिहिलं होतं. आपली माय आपल्याच पायरीवर अडून राहते, हे मात्र त्यांना एका सशानं घसरून दाखवावं लागलं. ते मागच्या दारानं बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं डोळे पुसायला गेले. ते परत आले तेव्हा दोन्ही खांद्यांवर पोती होती. डोळे त्यांनी पोत्यालाच पुसले होते.

उंबऱ्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं पोती अंथरली. कौसल्याबाईंनी पहिल्या पोत्यावर पाय ठेवला, दाबून पाहिला, आणि चौकट सोडून सरळ चालत आत आल्या. कॅप्टनही पोत्यावर चढला आणि त्यांच्या मागं रुबाबात निघाला.

"पण हा घाण करतो, आज्जी," साक्षी म्हणावं की नाही अशा आवाजात म्हणाली. "म्हणजे हॉलभर करतो."

"कुठं जास्त करतो?"

साक्षीनं पप्पांच्या खुर्चीखाली बोट दाखवलं.

"मंग तिथंच करू द्या की. तुम्ही त्याला तिथून हाकलता म्हणून तो सगळीकडं करून राह्यलाय. बांधकामाचं घमेलं हाये का एखादं?"

गच्चीवर एक होतं, कडा वाकलेलं. कौसल्याबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर तोलून पाहिलं, सवयीनं डोक्यापर्यंत नेलं आणि स्वतःशीच हसून खाली आणलं. गजाननरावांनी घाईघाईनं गावाबाहेरच्या गोठ्यातून गेल्या वर्षीचं सोयाबीनचं भुसकट पोतंभर आणलं. हा त्यांचा आयुष्यातला पहिला उपयोगी पडलेला हातभार असावा, कारण तो देताना ते काही बोलले नाहीत. खुर्ची उचलून बाजूला ठेवण्यात आली. कोपऱ्यात भुसकटाचं घमेलं बसलं. कॅप्टननं त्याची एक फेरी मारली, आत उडी घेतली, पाठ फिरवली आणि खिडकी, पंखा व टीव्ही या तिन्हींचा लाभ घेत सावकाश आपलं काम उरकलं.

"शेळ्यांचं काय लिहू?" भावनाताईंनी विचारलं. त्या एवढा वेळ पोत्यावर बसून चहा पीत होत्या.

राजानंदांनी वहीकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. "रकाना रिकामा सोडा," ते म्हणाले. दैवशालाबाईंच्या हातातली बशी पडता पडता राहिली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेच्या वंदनेला लोक आले. नव्या फरशीची कीर्ती त्यांच्या कानावर होती. प्रत्येकानं विचारलं की राजानंद पोत्याचं एक टोक उचलून दाखवायचे. लोक वाकून बघायचे, रेघांचं डिझाइन चांगलं आहे म्हणायचे, आणि कौसल्याबाई म्हणायच्या, "बघितली ना? झाक आता."

बुधवारी कॅप्टनचं ऑपरेशन झालं. महिनाभरात त्याची जमिनीची हाव ओसरली आणि बिस्किट पुढच्या हॉलमध्ये राहायला आली. घमेलं मात्र तिथंच राहिलं. राजानंदांची खुर्ची आता दाराजवळ असते. तिथून टीव्ही तिरपा दिसतो आणि पंखा अजिबात लागत नाही. कुणी विचारलंच तर ते सांगतात की जुनं अतिक्रमण होतं, नियमित केलं.

वर्षावास संपला त्या दिवशी राजानंद सकाळपासून उगाच गेटपर्यंत चकरा मारत होते. मायची पिशवी पलंगाशेजारी काढून ठेवलेली त्यांनी पाहिली होती. जीपची वेळ झाली तसे ते पिशवी उचलायला वाकले. ती रिकामी होती.

"ती जीपवाल्याकडं दे," कौसल्याबाई म्हणाल्या. "म्हणावं, माझी राहिलेली लुगडी न् पितळी तांब्या भरून आण येताना."

राजानंद पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. कॅप्टन पोत्यावरून आला, म्हातारीच्या टाचेपाशी थांबला आणि तिला सावकाश, एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं, हनुवटी घासली. या हद्दीला राजानंदांची कसलीही हरकत नव्हती.